बारा ते सहा

माझ्याकडच्या फोनांना हंगाम असतात. एक जूनचा, शाळा सुरू होतात तेव्हाचा. दुसरा वर्षभर चालतो, पण त्याचीही वेळ ठरलेली असते: बाळ पाच-साडेपाच महिन्यांचं झालं की फोन येतो. 2017 साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. त्याआधी मी कर्वेनगरात राहत्या घरीच पाळणाघर चालवायचे. तेव्हा नुकती मान धरायला लागलेली, तीन महिन्यांची बाळं यायची आणि त्यांच्या आया दूध दाटल्याच्या कळा सोसत ऑफिसातून फोन करायच्या. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, दोन खोल्यांत एवढा पसारा मावेना, कंबरही बोलायला लागली, तेव्हा पाळणाघर बंद केलं. फोन मात्र बंद झाले नाहीत. "काकू, तुम्ही नाही तर तुमच्या ओळखीची कुणी?" या प्रश्नातून माझा हा दुसरा व्यवसाय उभा राहिला. लहान मुलाला काही तास सांभाळायला घरी येणारी बाई शोधून द्यायची. ब्युरो म्हणावं असं त्यात काही नाही. पाटी नाही, टेबल नाही, एक वही आणि एक फोन. पैसे घेते ते घरवाल्यांकडून. काही ब्युरो बाईच्याही पहिल्या पगारातून कापून घेतात. मला ते कधी पटलं नाही.

फोनवरचं वाक्य बहुतेक सारखंच असतं. "अर्धा दिवसच बाई हवीये, बारा ते सहा. बाकीचं आम्ही मॅनेज करू." मग अटी येतात. विश्वासू हवी, स्वच्छ हवी, प्रेमळ हवी. मोबाइल बघणारी नको. थोडी शिकलेली असली तर बरं. वय तीस ते पंचेचाळीस. तिची स्वतःची मुलं फार लहान नकोत, म्हणजे खाडे होत नाहीत. मी सगळं वहीत लिहून घेते. लिहून घेतलं नाही तर समोरच्याला वाटतं आपलं ऐकलंच नाही. मग माझे प्रश्न सुरू होतात. तुमची इमारत कोणत्या बसथांब्याजवळ? कितवा मजला, आणि लिफ्ट बंद पडते का? बाळ दुपारी किती वेळ झोपतं? आजी घरात आहेत का? तिने सुटी घेतली तर पैसे कापणार का? इथे काहीजण थोडे नाराज होतात. त्यांना बाईची चौकशी करायची असते आणि मी त्यांचीच करत बसते.

पण इतकी वर्षं जे बघतेय ते सांगते. काम टिकलं की मोडलं, हे बाईच्या प्रेमळपणावर फार क्वचित ठरलं. प्रेमळ बाया चिक्कार आहेत. काम मोडतं ते अंतरावर आणि घड्याळावर.

कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांत कामाला येणाऱ्या बायका केळेवाडीतून, सुतारदऱ्यातून, किष्किंधानगरातून, हिंगण्यातून येतात. त्यांतल्या जुन्या घरांतली माणसं बहात्तरच्या दुष्काळात सोलापूर-मराठवाड्याकडून पुण्यात आलेली. चालत वीस मिनिटांत काम मिळत असेल तर बाई वर्षानुवर्षं टिकते. दोन बस बदलून जावं लागत असेल तर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात काम सुटतं. पूर्ण दिवसाच्या कामाला तेवढा प्रवास एकवेळ परवडतो, कारण जाण्यायेण्याचे दोन तास आणि पैसे पूर्ण पगारावर पडतात. अर्ध्या दिवसाच्या कामात पगार अर्धा होतो, प्रवास तेवढाच राहतो. हे साधं गणित बाणेर-बावधनच्या उंच इमारतींतल्या हुशार मंडळींना सांगावं लागतं. तिथे आसपास वस्तीच नाही. मग ती म्हणतात, "आम्ही जास्त देऊ की." देतात, आणि तरी बाई टिकत नाही, कारण संध्याकाळी सहाला तिकडून निघालेली बाई घरी पोचेपर्यंत तिची लेकरं उपाशी बसलेली असतात.

दुसरं गणित घरांचं. धुणंभांडी, केरफरशी करणारी सराईत बाई सकाळच्या चार तासांत चार घरं उरकते. चार घरांचे चार पगार. त्याच चार तासांत बाळाजवळ बसायचं तर एकच पगार. घरवाल्यांना वाटतं, बसून राहायचं काम आहे, तर भांड्यांपेक्षा कमीच पडायला हवेत. बाईचा हिशोब उलटा असतो, आणि तो मला जास्त बरोबर वाटतो. तिच्या चार घरांपैकी एक सुटलं तर तीन उरतात. बाळाचं एकच घर असेल आणि त्यांनी मध्येच "आमच्या आई येणार आहेत आता" म्हटलं, तर एका दिवसात सगळी कमाई जाते.

मग बाळाचं काम कुणी का घ्यावं? ज्यांनी घेतलं त्यांच्या कारणांत मला कधी निव्वळ माया दिसली नाही. माया नंतर लागते. कुणाचे गुडघे गेलेले असतात, फरशीवर बसवत नाही. कुणाच्या हातांना साबणाने भेगा पडलेल्या असतात. आणि एक मोठं कारण असं, की या धंद्यात दुपार मोकळी असते. भांडी सकाळी, पोळ्या सकाळी, पुन्हा पोळ्या संध्याकाळी. बारा ते पाच या वेळात कुणालाच काही नको असतं. त्या वेळात बाळाचं काम मिळालं तर सकाळची दोन घरं राखून वर हा पगार येतो.

आता "बारा ते पाच" आणि "बारा ते सहा" यांतला फरक बघा. फोनवर तो एका तासाचा असतो. पण संध्याकाळच्या पोळ्या साडेपाचला सुरू होतात. पाचला सुटणारी बाई पोळ्यांची दोन घरं धरू शकते. सहाला सुटणारीची दोन्ही जातात. बाळाची आई हिंजवडीहून साडेपाचला निघते, चांदणी चौकात अडकते आणि सात वाजवते. म्हणजे तिला खरं तर सात हवे असतात. सहा ती सभ्यपणाने सांगते. माझं बहुतेक काम पाच ते सातच्या मधल्या जागेत चालतं. बाई मिळवणं तेवढं अवघड नाही. हे दोन तास कुणाचे, हे ठरवणं अवघड.

म्हणून मी विचारते, "बाळाचे बाबा किती वाजता येतात?" फोनवर जरा शांतता पसरते. मग उत्तर येतं, "त्यांचं काही नक्की नसतं हो." नक्की नसणं ही फार मोठी सवलत आहे. सरकारने 2019 साली वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. त्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 299 मिनिटं निघाली, आणि जे पुरुष असं काम करतात त्यांची 97. तरीही हा प्रश्न विचारायचं मी सोडत नाही, कारण करोनानंतर चित्र थोडं हललं आहे. वारज्यातल्या एका घरात वडील सकाळी सातलाच लॅपटॉप उघडतात आणि चारला मिटतात. पाचला बाई त्यांच्या हातात मूल देते आणि पोळ्यांना जाते. त्या घराला मला पुन्हा कधी बाई शोधून द्यावी लागली नाही.

कायदा म्हणतो, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. चांगला कायदा आहे. पण सहा महिन्यांचं पोर घेऊन सकाळी नऊला कोथरूडहून हिंजवडीला निघायचं कुणी? ज्यांच्या घरी गाडी-ड्रायव्हर आहे त्याही एक-दोन महिन्यांत थकून मला फोन करतात.

सव्वीस आठवड्यांचं आणखी एक आहे, ते बालवाडीचं शिक्षण घेतलेली बाई म्हणून मला जास्त खटकतं. रजा संपते त्याच सुमाराला बाळाचं वरचं अन्न सुरू होतं. म्हणजे नव्या बाईचं पहिलं काम थेट भरवण्याचं. मऊ भात, नाचणीचं सत्त्व, डाळीचं पाणी, बाळ थुंकणार, आई ऑफिसातून विचारणार "किती खाल्लं?" त्यातून सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला ओळखीचं आणि परकं कळायला लागतं. कालपर्यंत कुणाकडेही जाणारं मूल नवा चेहरा दिसला की किंचाळतं. नेमक्या त्याच वेळी नवी बाई घरात आणायची आणि दुसऱ्या दिवशी आई गायब व्हायची, याला काय म्हणावं? म्हणून मी सांगते, पाचव्या महिन्यातच बाई लावा. दोन-तीन आठवडे दोघी घरात असा. पहिले काही दिवस बाईने बाळाला हातही लावला नाही तरी चालेल. तिचा आवाज, तिच्या तेलाचा वास, बांगड्या सगळं बाळाच्या ओळखीचं होऊ दे. मग आईने अर्धा तास खाली जाऊन यावं, मग दोन तास. जाताना सांगून जावं, नजर चुकवून पळू नये. यावर हमखास उत्तर येतं, "मी घरी असताना तिला कशाला पगार?" जे तो देतात त्यांची कामं टिकतात. जे देत नाहीत ते पहिल्या सोमवारी दुपारी दीडला मला फोन करतात, आणि मागे बाळाचं रडणं ऐकू येतं.

दुपारच्या झोपेवरून जितकी भांडणं मी मिटवली तितकी पगारावरून नसतील. बाळ दोन तास झोपतं. त्या दोन तासांचं काय? घरवाल्यांना वाटतं, बाई नुसती बसून आहे. मग सुरुवात होते: जरा कोथिंबीर निवडता का, लसूण सोलून ठेवाल का, आज कपड्यांच्या घड्या तेवढ्या. महिन्याभरात ती वरकामाची बाई झालेली असते, पगार मात्र बाळ सांभाळण्याचा. मग बाळ उठून रडलं तरी तिचे हात पिठात असतात, आणि तेव्हा तिला ऐकून घ्यावं लागतं की "तुमचं बाळाकडे लक्षच नाही." मी वहीत आता दोन्ही बाजूंच्या सह्या घेते. बाळाच्या बाटल्या धुणं-उकळणं, त्याचे कपडे, त्याचं खाणं, त्याची खेळणी हे तिचं काम. बाळ झोपल्यावर हे उरकून जो वेळ राहील तो तिचा. झोपली तरी चालेल. फक्त बाळ असेल त्याच खोलीत. सकाळी पाचला उठून दोन घरं करून आलेली बाई दुपारी पंधरा मिनिटं आडवी झाली तर संध्याकाळी चारला ती मुलाच्या मागे धावू शकते. "पण आम्ही पैसे देतो ना त्या वेळाचे?" असं एक गृहस्थ म्हणाले. मी विचारलं, तुमच्या ऑफिसात चहाच्या वेळेचे पैसे कापतात का? ते हसले. पण पुढे त्यांनी माझ्याकडून बाई घेतली नाही, हेही खरं.

आजी घरात असल्या की गोष्ट निराळी होते. पुष्कळ घरांत बारा ते सहाची बाई खरं तर आजींसाठीच हवी असते. आजींना मूल सांभाळायचंय, पण उचलून घेववत नाही, मागे पळवत नाही. हे जमलं तर यासारखं दुसरं काही नाही. बाईला सोबत मिळते, बाळाला दोन माणसं मिळतात, आणि आईला कॅमेरे लावावे लागत नाहीत. बिघडतं तेव्हा मात्र पहिल्या आठवड्यातच बिघडतं. आजींनी चार मुलं वाढवलेली, बाईने तीन वाढवलेली. डॉक्टरांनी सांगितलेलं आईने फ्रिजवर चिकटवलेलं. बाळगुटी उगाळायची की नाही, यावर एका घरात तिन्ही मतं एका दुपारी भांडली. मी पोचले तेव्हा सहाण पुसून ठेवलेली होती आणि तिघी तीन खोल्यांत. अशा वेळी मी फक्त एवढंच ठरवून घेते की खाण्यापिण्याबाबत शेवटचा शब्द आईचा, आणि तो आजींनाही लागू. हे सुनेने सांगितलं तर घर पेटतं. बाहेरच्या बाईने सांगितलं तर आजी रागावतात, पण माझ्यावर.

बाळाला भरवणाऱ्या हाताला चहा निराळ्या कपात देणारी घरं अजून आहेत. कमी झाली आहेत, पण आहेत. आडनाव विचारायची पद्धतही आता सरळ राहिलेली नाही. "त्या कुठल्या गावच्या?" असं विचारतात आणि उत्तरातून हवं ते काढून घेतात. मी गाव सांगते, तालुकाही सांगते, आणि थांबते. कप निराळा ठेवलेलं कळलं तर त्या घरी मी दुसऱ्यांदा बाई पाठवत नाही.

2016 साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण करतानाचं चित्रीकरण टीव्हीवर आलं. त्या आठवड्यात मला आलेल्या फोनांत नव्या बाईची मागणी एकही नव्हती, सगळ्या चौकश्या होत्या. आधी जिला काम लावून दिलं तिचं काय? ती मारत तर नसेल? झोपेचं औषध देत नसेल? ही शेवटची भीती काही आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन घरी ठेवत, हे शंभर वर्षांपूर्वीच्या चौकशीत नोंदलेलं आहे. त्या बायका दुष्ट नव्हत्या, मूल ठेवायला दुसरी जागाच नव्हती. खारघरच्या त्या प्रकारानंतर घराघरांत कॅमेरे आले. माझा कॅमेऱ्याला विरोध नाही. तो आहे हे बाईला पहिल्याच दिवशी दाखवा आणि तो कुठे नाही हेही सांगा, एवढीच अट. लपवून ठेवलेला कॅमेरा कधीतरी सापडतोच, आणि सापडला की बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. उघड कॅमेऱ्याचाही एक परिणाम मी पाहिला आहे. बाई गाणी म्हणायची बंद होते. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटायला लागते. म्हणून मी कॅमेऱ्यापेक्षा शेजारच्या काकूंवर जास्त भरवसा ठेवायला सांगते. कधीही, न सांगता, वाटीभर साखर मागायला या म्हणावं. पोलिसांकडे नोंदणी, आधारची प्रत हे सगळं कराच. पण त्यातून कळतं ती माणसाची ओळख, स्वभाव नव्हे.

आता त्या अटीविषयी, "तिची मुलं फार लहान नकोत." ही अट घालणारी स्वतः सहा महिन्यांच्या मुलाची आई असते, यात मला वाईटपणा दिसत नाही, तिला खाड्यांची भीती असते. पण तीस ते पंचेचाळीस वयाची, अंगात जोर असलेली आणि लहान मुलं नसलेली बाई वस्तीत सापडत नाही. जिची मुलं मोठी झाली तिचे गुडघे गेलेले असतात. जिचे गुडघे शाबूत आहेत तिच्या घरी चार वर्षांची मुलगी असते. ती मुलगी सकाळी अंगणवाडीत जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे उभं केलं त्यातून अंगणवाडी हा शब्द आला, आणि 1975पासून सरकारने ती देशभर नेली. आमच्या बालवाडीच्या अभ्यासक्रमात हे अभिमानाने शिकवलं जायचं, आणि अभिमान मला अजून वाटतो. पण अंगणवाडी काही तासांची असते आणि दुपारपर्यंत सुटते. म्हणजे बाईची मुलगी मोकळी होते नेमकी बाराच्या आसपास. दुसऱ्याचं मूल हातात घ्यायची वेळ आणि स्वतःचं मूल अंगणवाडीतून घ्यायची वेळ एकच. बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेश सुरू केलं, पुढे पुण्यातही तसं काम उभं राहिलं. घरकाम करणाऱ्या बाईला तीही सोय नाही, कारण तिची साइट म्हणजे चार वेगवेगळ्या इमारतींतली चार घरं.

यावर मी एकच तोड शोधून ठेवली आहे, ती सगळीकडे चालत नाही. बाईने मुलीला बरोबर आणायचं. "म्हणजे ती दोन मुलं सांभाळणार आमच्या पैशांत?" हे मी ऐकलेलं आहे. मुलीने खेळणी तोडली तर? घरी जाऊन काही सांगितलं तर? डबा आमचाच खाणार का? हे प्रश्न मी सरळ पहिल्या भेटीतच टेबलावर ठेवते. डबा बाईचा, अंघोळ घरून करून यायचं, मुलीला ताप असेल तर दोघींना पगारी सुटी. जी घरं हो म्हणाली त्यांतल्या एका घरी दीड वर्षाचा मुलगा त्या मुलीमागे गुडघ्यांवर रांगायचा सोडून धावायला लागला आणि तिचे सगळे शब्द उचलले. त्याची आई मला म्हणाली, "काकू, हा आता 'लई भारी' म्हणतो." तक्रार होती का कौतुक, ते मी विचारलं नाही.

पगारी सुटी हा शब्द आला म्हणून सांगते. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी काहींच्या सासवा त्या संपात होत्या. त्यामुळे दिवाळीला बोनस मागायला या बायकांना शिकवावं लागत नाही. 2008 साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा राज्यात झाला. नोंदणीची कागदपत्रं मी स्वतः भरून देते, कारण अर्जावर "मालकाचं नाव" या रकान्यात चारांपैकी कुणाचं लिहायचं यावर त्या अडतात. फक्त बाळ सांभाळणाऱ्या बाईला मालक एकच असतो, तिचं सोपं असतं. तिचं अवघड ते मे महिन्यात. चैत्र-वैशाखात गावच्या जत्रा असतात, लग्नं असतात, बायका आठ-पंधरा दिवस गावी जाणार म्हणजे जाणार. इकडे त्याच महिन्यात बालवाड्या बंद, मोठं भावंडही घरी. मी जानेवारीतच दोघांना जत्रेची तारीख विचारून वहीत लिहिते. हे ऐकून लोक हसतात. मे महिन्यात हसत नाहीत.

एकाच इमारतीतल्या दोन घरांनी मिळून एक बाई ठेवायची, हाही प्रयोग होतो. एकाच घरात दोन मुलं, पगार वाटून. बाईला चांगले पैसे मिळतात, मुलांना सोबत मिळते. पैशांवरून हे कधी मोडलेलं मी पाहिलं नाही, मोडतं ते सर्दीवरून. एकाला शेंबूड आला की दुसऱ्याची आई म्हणते, आज खाली पाठवत नाही, तुम्हीच बाईला वर पाठवा. आजाराच्या दिवशी बाई कुणाची, हे आधी लिहून ठेवलेलं असेल तरच हे चालतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आजारी मुलाची आई घरी थांबेल, बाई निरोगी मुलाकडे. हे ऐकून दोघीही नाखूश होतात, म्हणजे बहुधा बरोबर असावं.

आणि मग हे काम संपतं. याची आठवण सुरुवातीला कुणालाच नसते. मूल तीन वर्षांचं होतं, त्याला डे-केअर असलेली शाळा मिळते, एप्रिलमध्ये फी भरली जाते. बाईला सांगतात मेच्या शेवटच्या आठवड्यात. साडी देतात, मिठाई देतात, मुलाबरोबर फोटो काढतात, आई रडते, बाई रडते. सगळं खरं असतं. पण एक जूनला बाईचा पगार शून्य असतो. दुपारच्या कामासाठी तिने संध्याकाळच्या पोळ्या सोडलेल्या असतात आणि ती घरं आता दुसरीकडे गेलेली असतात. म्हणून वहीतली शेवटची अट दोन महिने आधी कळवण्याची आहे. नाही कळवलं तर एका महिन्याचा पगार जास्त. ही अट घालताना सगळे हो म्हणतात. तीन वर्षांनी त्यातल्या निम्म्यांना ती आठवत नाही. मी आठवण करून देते. त्यासाठी वहीत मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या असतात, आणि तिसरा वाढदिवस जवळ आला की फोन मीच करते. "वाढदिवसाचं काय ठरलंय? आणि शाळेचं?"

यंदा एका घराने मार्चमध्येच कळवलं. त्यांच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर साडेचार महिन्यांचं बाळ होतं. त्या बाळाच्या आईशी बोलणंही या कळवणाऱ्या घरातल्या आईनेच केलं, पगार तिनेच ठरवला, आणि तो मी मागितला असता त्यापेक्षा थोडा जास्तच होता. बाईने एप्रिलपासून सकाळचा तासभर वरच्या मजल्यावर जायला सुरुवात केली, अर्थात त्या तासाचा पगार घेऊन. वेळ ठरली आहे बारा ते पाच. पाचनंतर वरच्या बाळाचे बाबा.